खालची अर्धी ओळ

नवा चष्मा नाकावर बसून अजून फार वेळ झाला नव्हता आणि त्याला सगळं जग गरजेपेक्षा जरा जास्तच दिसत होतं. भिंतींवरचे पोपडे, समोरून येणाऱ्या बाईच्या पिशवीची उसवलेली शिवण, स्वतःच्या बुटांच्या टोकांना पडलेल्या बारीक भेगा. हे सगळं इतके दिवस इथंच होतं आणि आपण त्यातून आंधळ्यासारखे येत-जात होतो, या विचारानं तो मनातल्या मनात ओशाळला होता. जणू त्या भेगांनी त्याला पूर्वी हाका मारल्या होत्या आणि त्यानं ओ दिली नव्हती. इमारतीच्या फाटकातून आत शिरताना नेहमीसारखी मान खाली घालून, कुणाला आपली दखल घ्यायची तसदी पडू नये अशा बेतानं तो वॉचमनच्या खोलीवरून पुढे निघाला. तेवढ्यात खोलीच्या काचेतून टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याला त्याची खिडकी दिसली. त्यानंच लिहिलेली, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं एकाखाली एक येत जाणारी ती साधी चौकट. तिच्यातली सगळ्यात खालची ओळ कापलेली होती. अक्षरांची डोकी दिसत होती, वरच्या रेघेला लटकलेली अर्धी धडं दिसत होती, पाय नव्हते.

दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. चौकटीची उंची ओळींच्या उंचीत कधीच नेमकी बसत नाही. एखादी ओळ कुठंतरी कापली जाणारच. शिंप्यापाशी शेवटी चिंधी उरतेच. पण चिंधी कोणत्या टोकाला उरते हे शिंप्याला ठाऊक असतं. मजकूर तळाला पोचलेला असला, की कापली जाते ती सगळ्यात वरची ओळ. खालची शाबूत असते, जमिनीवर पाय टेकून उभी असल्यासारखी. खालची ओळ कापलेली दिसली याचा अर्थ एकच होता: हा तळ नव्हे. याच्या खाली आणखी काही आहे. तो जागीच थबकला. अंधाऱ्या खोलीत आपल्याशिवाय कुणी आहे हे आवाज न होताच कळावं तसं.

"या या, खिडकीवाले साहेब!" वॉचमननं आतूनच हाक दिली. इमारतीतली लहानथोर सगळी या वॉचमनला मामा म्हणत; मामांनी मात्र प्रत्येकाचं वेगळं बारसं केलेलं होतं. कॉम्प्युटरच्या खिडक्या बनवतो म्हणून हा खिडकीवाला. "नवा चष्मा? झकास! एकदम न्यायाधीश दिसताय. आता फाशीच सुनावा कुणाला तरी."

"मामा," तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "आज... कसं काय आहे?"

"कसं असणार? गप्प. तुमच्या दुरुस्तीचा गुण आलाय बघा. आधी काय व्हायचं, जरा वर जाऊन जुनं वाचायला घेतलं की हा पठ्ठ्या मानगूट धरून खाली आपटायचा. आता शहाण्या बाळासारखा बसतो. सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

"सकाळपासून?"

"टाकी भरली ते आलं, मागचं फाटक उघडलं ते आलं, मग ते लिफ्टचं आलं लांबलचक. त्यानंतर सगळं थंड. लोकांनाही कधीतरी अक्कल येते हो."

"तुम्ही वर नेला होतात का मजकूर? वाचायला म्हणून?"

"छे! हातसुद्धा लावला नाही. तुम्हीच सांगितलं होतंत ना, आपोआप खाली जातं, मामा, नुसतं बघत बसा. बसलोय बघत."

बाहेर ऊन फाटकाच्या खांबांवरून उतरून अंगणात मध्यावर आलं होतं. टाकी भरते ती उजाडताना. मधल्या इतक्या वेळात एकही गाडी आली नाही, मागचं फाटक एकदाही उघडलं नाही, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एका बोटानंही उतरलं नाही? आणि कुणीही घंटा दाबली नाही? घंटा हा शब्द त्याच्या मनात उमटला आणि त्यानं तो घाईघाईनं मागे ढकलला.

इमारतीत म्हातारी माणसं फार झाली होती. मुलंबाळं दूरदूरच्या गावी, आणि घराघरांत एकेक किंवा दोन-दोन म्हातारी, जुन्या कपाटांसारखी जागच्या जागी उभी. मागच्या वर्षी इमारतीच्या समितीनं ठरवलं, की अशा प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं एक बटण द्यायचं. पडलं-झडलं, छातीत दुखलं, की दाबायचं. खाली मामांच्या पडद्यावर ओळ उमटेल: घंटा, अमुक मजला, अमुक घर. टाकी, फाटकं, लिफ्ट यांच्या खबराही त्याच चौकटीत येणार. प्रोग्राम कोण लिहिणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं होतं. तो ऑफिसात हेच करत आला होता, उभा जन्म. टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी चौकटी, बटणं, याद्या. आता ऑफिसातली बाकीची मंडळी फोनमधली कामं करत आणि तो कोपऱ्यात बसून जुन्या गिऱ्हाइकांच्या जुन्या खिडक्यांना ठिगळं लावी. समितीच्या त्या बैठकीत नाही म्हणायचं धैर्य नव्हतं म्हणून तो हो म्हणाला होता. सुरुवातीला प्रत्येक ओळीला टिंग असा आवाजही होता. पण टिंग टाकीलाही व्हायचं आणि फाटकालाही, दिवसभर, आणि तळमजल्यावरच्या लोकांनी झोप होत नाही म्हणून समितीकडे गाऱ्हाणं नेलं. समितीनं आवाज बंद करायला सांगितला. तेव्हाही तो हो म्हणाला होता. घंटेचा तेवढा ठेवू या का, हे वाक्य त्याच्या तोंडाशी आलं होतं, पण तोवर बैठक रंगकामाच्या विषयावर गेली होती.

मग मामांची ती तक्रार. नवी ओळ आली की चौकट तिला दाखवण्यासाठी तळाशी उडी मारायची. तसंच लिहिलेलं होतं, आणि सगळे तसंच लिहितात. पण मामा कालची एखादी ओळ शोधायला वर गेलेले असत आणि मधेच टाकी भरे. डोळ्यांसमोरचं वाक्य निसटून ते एकदम खाली येऊन पडत. "हातातला घास काढून घेतल्यासारखं होतं हो," मामा म्हणाले होते. हे त्याला फार लागलं. कुणी वाचत असताना त्याच्या पुढ्यातून पान ओढून घेणं यासारखा असभ्यपणा त्याला दुसरा माहीत नव्हता. त्यानं संध्याकाळी घरी बसून दुरुस्ती केली. नवी ओळ घालण्याआधी प्रोग्रामनं बाजूच्या उभ्या पट्टीकडे पाहायचं: तिच्यातला सरकता ठोकळा अगदी तळाशी टेकलेला आहे का? असेल, तर ओळ घालून खाली जायचं. नसेल, तर माणूस वर काहीतरी वाचतोय असं समजायचं आणि त्याला त्रास द्यायचा नाही. ओळ गुपचूप खाली जोडून द्यायची. ते चाललेलं पाहून त्याला इतका आनंद झाला होता, की त्यानं बायकोला बोलावून दाखवलं. ती हात पुसत आली, जरा वेळ बघत उभी राहिली.

"अहो, माणसं चंद्रावर जाऊन परत आली," ती म्हणाली, "आणि तुम्ही एक ओळ खाली ढकलताय."

"ढकलत नाहीये. तेच तर. कुणी वाचत असलं तर ढकलायचं नाही."

"म्हणजे तुमच्यासारखंच झालं की हे. घराला आग लागली तरी तुम्ही दारात उभे राहून विचाराल, आत येऊ का, वेळ आहे का तुम्हाला." आणि ती हसली होती, आणि तोही.

आता काचेपाशी उभं राहून त्याला ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. आणि आठवलं की चाचणीसाठी आपण काय लिहिलं होतं. एक. दोन. चाचणी. पुन्हा चाचणी. अ, आ, इ. सगळ्या आखूड ओळी. हा धंदा करणारा प्रत्येक जण असंच लिहितो. स्वतःच्याच खिडकीशी कोण लांबलचक बोलतं? आखूड ओळ चौकटीत एका दमात मावते. पण ओळ लांब असली, तर तिला मोडून खाली दुसरी रांग करावी लागते, आणि ती मोडायचं काम चौकट लगेच करत नाही. हातातली बाकीची कामं आटोपली की सावकाश करते. त्याचा प्रोग्राम मात्र ओळ घातल्या घातल्या तळाशी जायचा. त्या क्षणाला जो तळ होता, त्या तळाशी. मग चौकट लांब ओळ मोडून दुसरी रांग करणार, आणि खरा तळ एका रांगेनं आणखी खाली जाणार; ओळींखाली सोडलेल्या अर्ध्या रांगेच्या कोऱ्या जागेत त्या नव्या रांगेचं नुसतं डोकं दिसणार. ठोकळा तळापासून केसभर वर राहणार. पुढची ओळ येताना प्रोग्राम ठोकळ्याकडे पाहणार: टेकलेला नाही. म्हणजे कुणीतरी वाचतंय. त्रास द्यायचा नाही. त्यानंतरची ओळ: वाचतंय, त्रास द्यायचा नाही. त्यानंतरची: त्रास द्यायचा नाही. दुरुस्तीनंतर एकही लांब ओळ आली नसावी. ती आज आली, लिफ्टची. समोर माणूस जागा बसलेला, पडदा उघडा, विजेचा दिवा चालू, आणि खबरा त्याच्या नाकाखालून चवड्यांवर चालत खाली, खाली, एका न दिसणाऱ्या तळघरात उतरत राहिल्या असणार. सकाळपासून.

चौथ्या मजल्यावर बायको एकटी होती. तिच्याही गळ्यात बटण होतं. गेल्या महिन्यात ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चक्कर येऊन पडली होती, आणि तो शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत होता, आणि भांडं पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं पानावरचं वाक्य पुरं करून मग मान वर केली होती. डॉक्टर म्हणाले, काही नाही, रक्तदाब, जपा. तेव्हापासून तो तिला जपत होता, म्हणजे तिच्याकडे चोरून बघत होता. सकाळी निघताना ती म्हणाली होती, "जा हो बिनघोर, तुमचं ते बटण आहे ना गळ्यात. म्हशीच्या गळ्यात लोढणं असावं तसं." त्यानं खिशातून फोन काढला आणि घरी लावला. तो वाजत राहिला. वाजता वाजता त्याला स्वतःचं घर दिसू लागलं, रिकाम्या खोलीत टेबलावर थरथरत सरकणारा फोन, जमिनीवर पडलेली उन्हाची पट्टी, आणि पट्टीच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आलेली... त्यानं फोन बंद केला. ती पुष्कळदा फोन घेत नाही. तिला ऐकूच जात नाही. ती आंघोळीला गेली असेल, पडली असेल, पहुडली असेल. पहुडलीच असेल. सरळ धावत वर जावं, असं शरीराचं म्हणणं होतं, आणि पाय मात्र खोलीच्या उंबऱ्याला चिकटले होते. कारण उत्तर इथं होतं, या काचेआड, त्या अर्ध्या ओळीच्या खाली. आणि जोवर ते कुणी वर ओढत नव्हतं तोवर ते घडलेलं नव्हतं.

लहानपणी आई बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र चालवी आणि तो आत अंथरुणात पडून ते ऐके. यंत्र चालू असेपर्यंत सगळं ठीक असे. मग ते थांबायचं. दोरा संपला असेल, सुई बदलत असेल, कापड फिरवत असेल, हे सगळं त्याला ठाऊक असायचं आणि त्यातलं काहीच उपयोगी पडायचं नाही. शांतता खोलीभर पसरत यायची, खाटेच्या पायांवरून वर चढायची, आणि तो श्वास रोखून पडून राहायचा. उठून दोन पावलं टाकली असती तर आई दिसली असती. पण तो एकदाही उठला नाही. उठून पाहिलं आणि ती तिथं नसली, तर? न उठण्यात निदान निम्मी आई शिल्लक राहायची. मग यंत्र पुन्हा खडखडायचं आणि त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटायचा. या भीतीबद्दल तो जन्मात कुणाशी बोलला नव्हता. बोलण्यासारखं तरी काय होतं? एक यंत्र थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं, एवढंच.

"अहो, झालंय काय? आत तरी या. भूत बघितल्यासारखे उभे आहात," मामा म्हणाले. त्यांच्या हातात चहाचा पेला होता.

तो आत गेला. जवळून पाहिल्यावर नव्या चष्म्यानं त्याला आणखी एक गोष्ट दाखवली. उजवीकडच्या उभ्या पट्टीत ठोकळ्याखाली फट होती. बारीक नव्हे, चांगली बोटभर. मजकूर वाढत जातो तसतसा ठोकळा लहान होत जातो आणि खालची फट मोठी. त्यावरून जाणत्याला अंदाज येतो, की खाली किती दडलंय. फार होतं. इतक्या वेळा काही टाकी भरत नाही आणि इतक्या वेळा फाटक उघडत नाही.  मामांना सांगावं, की तुम्ही जरा बघता का? माझा चष्मा नवा आहे, मला नीट दिसत नाहीये. हा विचार आपल्याला आला हे त्याला कळलं आणि त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मामा, उठा जरा."

मामांनी पेला खाली ठेवला. त्याच्या तोंडून 'उठा' हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसावा. ते उठून बाजूला झाले.

ठोकळा धरून एका झटक्यात तळाशी नेता आला असता. त्यानं तसं केलं नाही. त्यानं पट्टीच्या टोकाचा छोटा बाण दाबला, एकेका दाबाला एकेक रांग. अर्धी ओळ वर आली आणि तिला पाय फुटले: 'तंत्रज्ञाला कळवावे.' म्हणजे लिफ्टच्या त्या लांब ओळीचंच मोडून खाली पडलेलं शेपूट. त्याचा अंदाज खरा होता. असा खरा ठरल्याचा त्याला आयुष्यात इतका तिटकारा कधी आला नव्हता. दाब. मागचं फाटक उघडलं. दाब. मागचं फाटक बंद. दाब. गाडी आत. त्याच्या बोटाला घाम आला होता आणि माउस निसटत होता. दाब. घंटा.

त्यानं डोळे मिटले नाहीत. त्याच्या डोळ्यांनीच पुढचं वाचायचं नाकारलं. घंटा, आणि मग एक रेघ, आणि मग काळ्या मुंग्यांचा पुंजका. देवा, चौथा नको. बाकी कोणताही असू दे. बाकी कोणताही. मुंग्या हळूहळू जागच्या जागी बसल्या आणि त्यांचे शब्द झाले: सातवा मजला, डावं घर.

"आमचं नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "आमचं नाही हे!" त्याच्या छातीतून हसू आलं, खरोखरच आलं, लहान पोरासारखं, आणि त्या हसण्याचा आवाज स्वतःच्याच कानांवर पडताच ते तिथंच तुटलं. मामा त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

"सातवा डावा," मामा म्हणाले. "म्हणजे भूमितीबाई."

त्यानं बाण दाबला. घंटा, सातवा मजला, डावं घर. दाबला. घंटा, सातवा मजला, डावं घर. मधेच टाकी, मधेच गाडी बाहेर, मधेच लिफ्टचं तेच लांबलचक, आणि पुन्हा सातवा मजला, डावं घर. चौकट वरपासून खालपर्यंत त्याच एका ओळीनं भरली. सुरुवातीला ओळी लागोपाठ आल्या होत्या. मग ओळींच्या शेवटी उमटलेल्या वेळांत अंतर पडत गेलं होतं. मग मोठं अंतर. त्यात एकही ओळ नव्हती, आणि त्या मोकळ्या वेळात काय झालं असेल याचा विचार त्याच्या मनात शिरू पाहत होता. मग पुन्हा एक. चौथा मजला कुठंच नव्हता. तो तळाशी पोचला. ठोकळा टेकला. आणि तो बघत असतानाच मजकूर एक रांगभर वर सरकला आणि खाली नवी ओळ येऊन उभी राहिली, शाबूत, पाय टेकून: घंटा, सातवा मजला, डावं घर.

"आत्ता!" मामा ओरडले. "आत्ता दाबली की हो! आणि मी इथं बसलोय बघत!" त्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून घराघरांच्या जादा किल्ल्यांचा जुडगा ओढला.

लिफ्ट बंदच होती. जिना चढताना मामा पुढे आणि तो मागे. मामा एकीकडे धापा टाकत होते आणि एकीकडे कॉम्प्युटरला, समितीला, लिफ्टवाल्याला शिव्या हासडत होते. त्याला मात्र एकही शिवी नव्हती, आणि ती नव्हती हेच त्याच्या पाठीत टोचत होतं. भूमितीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, ताठ, कडक बाई. जिन्यात चप्पल वेडीवाकडी ठेवणाऱ्याला उभं करून विचारणार, ही रेषा कुठल्या रेषेला समांतर आहे सांग पाहू. त्या जिन्यात दिसल्या की तो जरा थांबून त्यांना जाऊ देई. चौथ्या मजल्यावर त्याच्या दाराआडून पाण्याचा आवाज येत होता. तो थबकला, आणि दार उघडून, डोक्याला पंचा गुंडाळलेली बायको बाहेर डोकावली.

"अहो, फोन तुमचाच होता का? आंघोळ करत होते मी. आणि हे काय, पळताय काय असे? तोंडाला रक्त नाही तुमच्या!"

तिला पाहून त्याला काहीतरी वाटायला हवं होतं. पण ते सगळं तो खाली, त्या चौकटीपुढे, आधीच खर्चून बसला होता. "डॉक्टरांना फोन कर," तो म्हणाला. "सातव्या मजल्यावर बोलाव. लगेच." आणि तो चढत गेला.

मामांनी दार उघडलं. आतल्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद जागेत बाई कुशीवर पडल्या होत्या. एक पाय असा वळलेला होता, की तिकडे बघवत नव्हतं. पांढऱ्या केसांतल्या पिना सुटून जमिनीवर पडल्या होत्या. उजवी मूठ छातीशी आवळलेली होती आणि मुठीतून बटणाची दोरी लोंबत होती. डोळे उघडे होते. ते मामांकडे वळले, मग त्याच्याकडे.

"आलात," त्या म्हणाल्या. आवाज वाळलेल्या पानासारखा होता.

तो त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. मामा पाणी आणायला धावले. "हलू नका. डॉक्टर येतायत," तो म्हणाला. त्यांचं मनगट त्यानं हातात घेतलं. ते थंडगार होतं.

"आधी मला वाटलं, जिना चढताय. लिफ्ट बंद असेल, वेळ लागतो. पावलं ऐकू आली की म्हणायचे, हीच." त्या थांबल्या, ओठांवरून जीभ फिरवली. "मग पावलं खालीच थांबायची. मग वाटलं, ऐकून येत नाहीयेत. कंटाळले. मी बोलते सगळ्यांना, टाकून बोलते. म्हटलं, म्हणत असतील, पडू दे थोडा वेळ म्हातारी. मग दाबायची लाज वाटायला लागली. मधे मी सोडूनच दिलं होतं दाबायचं."

मामा पाण्याचा पेला घेऊन आले. "असं कसं म्हणता, बाई! आम्ही असं करू का? कॉम्प्युटर बिघडला हो आज. यंत्रच ते, त्याचा काय भरवसा."

हे वाक्य खोलीत छान बसलं. कुणालाही खरं वाटलं असतं. समितीलाही वाटलं असतं. नवा कॉम्प्युटर आला असता, चार लोकांनी मान हलवली असती. तो बाईंच्या मुठीकडे बघत राहिला. 

"बिघडला नाही," तो म्हणाला. "मी लिहिलंय तसंच तो चालला. तुम्ही दाबलेलं सगळं आत जमा होत होतं, पण दिसत नव्हतं. मामा समोर बसले होते, तरी त्यांना दिसत नव्हतं. ती चूक माझी आहे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. वर्गातल्या पोराचं चुकलेलं उत्तर तपासावं तसं त्यांनी त्याचं तोंड तपासलं.

"म्हणजे कुणालाच कळलं नव्हतं?"

"नाही."

"कुणी ऐकून बसलं नव्हतं?"

"नाही, बाई. कुणीच नाही."

त्यांनी डोळे मिटले. बंद पापण्यांखालून पाणी आलं आणि कानाकडे वाहत गेलं. "मग बरं," त्या म्हणाल्या. "मग बरं झालं."

ते बरं कसं, हे त्याला जरा उशिरानं कळलं. त्यानं पेला त्यांच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून ओघळलं आणि त्यानं ते आपल्या बाहीनं टिपलं. त्यांचा अंगठा अजून बटणावरच होता. दाबून दाबून त्याचं टोक पांढरंफटक पडलं होतं.

"आता सोडा ते," तो हळूच म्हणाला. "आम्ही आलोय ना."

"नको." त्यांनी अंगठा पुन्हा दाबला, आणि डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. "आता गेलं का ऐकू?"

खाली, तळमजल्यावर, मामांची खुर्ची रिकामी होती. पेल्यातला चहा थंड झाला असेल. बाईंची ओळ आत्ता त्या पडद्यावर येऊन उभी राहिली असेल, तिच्यामागून आणखी कुणाची येत असेल, तिसऱ्याची, पाचव्याची, किंवा लिफ्टची ती लांब ओळ पुन्हा एकदा येऊन सगळ्यांच्या वाटेत आडवी पडली असेल. आणि त्या खोलीत ते बघायला कुणीही नव्हतं.

"हो," तो म्हणाला. मग दारात उभ्या असलेल्या मामांकडे मान वळवून, आवाज शक्य तितका साधा ठेवत, म्हणाला, "मामा, तुम्ही खाली जा. पळत जा. आणि बाण दाबत राहा, थांबू नका. तळाशी टेकलंय असं दिसलं तरी दाबत राहा."